तुलनेच्या गटातली वीस मुलं

अकरा वर्षं मी गळ्यात शिट्टी घालून मैदानावर काढली. खो-खोच्या मुलांना स्क्वॉट शिकवायचे, उडीवरून खाली येताना गुडघे आत वळू द्यायचे नाहीत, खताच्या पोत्यात वाळू भरून वजन हळूहळू वाढवत न्यायचं. पीएचडी करायची ठरवली ती एका शंकेमुळे. ही पोरं माझ्या व्यायामाने ताकदवान होतात, की वयानेच? तेरा-चौदाचं पोर तसंही सहा महिन्यांत ओळखू येत नाही. म्हणून तुलनेला व्यायाम न करणारा गट हवाच.

पेट म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, मग कोर्सवर्क, रीतसर पार पडलं. आरआरसीसमोर, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन समितीसमोर, आराखडा मांडला: वीस जणांना बारा आठवडे व्यायाम, वीस जणांचा फक्त नेहमीचा खेळ. समितीला पटलं, मलाच पटेना. बाजूला बसून बघणाऱ्या पोरांना काय सांगायचं? शेवटची चाचणी झाली की दुसऱ्या गटालाही हाच व्यायाम द्यायचा, असं मी आराखड्यात लिहूनच टाकलं.

शाळा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातली. धावपटू अविनाश साबळे याच तालुक्यातल्या मांडव्याचा, त्यामुळे पोरांना पळायचं वेड. पण मी सुरुवात केली दिवाळीनंतर, ही माझी मोठी चूक. निम्मे आईबाप ऊसतोडीला गेलेले. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची सही लागते, म्हणून कारखान्याच्या तळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, शोधत फिरलो. एक जण म्हणाले, "सर, सही कशाला? पोरगी तुमचीच हाये."

"दादा, सही तिच्यासाठी आहे. मधेच नको वाटलं तर तिला सोडता येतं, तसं यात लिहिलंय."

त्यांनी कागद वाचून घेतला, मग अंगठा दिला. तरी डिसेंबरअखेर सतरा मुलं गळाली. कुणाला धाकट्या भावंडाला सांभाळायला नेलं, कुणाच्या हाती कोयता आला. गाईड मॅडमनी एवढंच म्हटलं, "पुढच्या वर्षी बारा आठवडे जूनपासून मोजा."

तसंच केलं. उडी मोजायला महागडी फोर्स प्लेट, म्हणजे पायांचा जमिनीवरचा जोर मोजणारी पाटी, नव्हती. मोबाईलवर सेकंदाला 240 फ्रेमने चित्रण करायचं, पाय सुटल्यापासून टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. 120 फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद हवेत, म्हणजे उंची साडेतीस सेंटीमीटरच्या आसपास. एक फ्रेम चुकली तर अर्धा सेंटीमीटर चुकतो, म्हणून प्रत्येक उडी दोनदा मोजली. गुडघे वाकवून उतरणारा जास्त वेळ हवेत दिसतो, तसली उडी बाद.

सप्टेंबरात शेवटची चाचणी झाली आणि पुढच्याच सोमवारी दुसरा गट मैदानावर आणला. दिवाळीपर्यंत जेमतेम सहा आठवडे मिळाले. पुढे त्यातले सहा जण आईबापांबरोबर गेले. जाताना प्रत्येकाला साधनांशिवाय करायच्या व्यायामाचा कागद दिला.

जानेवारीत एकाचा व्हिडिओ आला. मागे कोपी, बाजूला उसाच्या मोळ्या, आणि तो उड्या मारतोय. साधा फोन, सेकंदाला तीसच फ्रेम. त्यावरून उंची काढता येत नाही. मी थांबवून थांबवून फक्त गुडघे पाहिले. आत वळले नव्हते.