काल तीनच तास झोपलो

"ताई, काल तीनच तास झोपलो. आणि अजिबात दमलो नाहीये."

मी चहा गाळत होते. हात तिथेच थांबला. धाकट्या भावाने फ्रिजवरच्या तक्त्यात झोपेच्या रकान्यात ३ लिहून त्याला लाल गोल केला होता. मग स्वतःच डॉक्टरांना फोन लावला.

दुपारी मावशी आली. तक्ता बघून म्हणाली, "गोळ्या चालू आहेत ना? मग नुसतं बोलायला एवढे पैसे कशाला गं?"

तेव्हा उत्तर सुचलं नाही. दिवसभर डोक्यात तेच.

गोळ्या हव्यातच. लिथियम चालू आहे, त्यासाठी रक्त तपासणंही चुकवत नाही. पण झोप कमी होऊनही अंगात जोर वाटणं ही बायपोलर या मानसिक आजारात मेनियाची, म्हणजे अति उत्साहाच्या झटक्याची, चाहूल असू शकते, हे त्याला त्या 'नुसत्या बोलण्यात', म्हणजे थेरपीतच कळलं. उठायची, जेवायची, झोपायची वेळ पाळायची. बोलण्याचा वेग वाढला, रात्री-बेरात्री खरेदी सुरू झाली, की सावध व्हायचं. आम्हालाही बोलावलं होतं तिथे. 'परत सुरू झालं का तुझं?' असं न म्हणता 'झोप कशी झाली?' असं विचारायला मी तिथेच शिकले.

चार वर्षांपूर्वी अशाच रात्रींनंतर त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. त्याआधी आठवडाभर तो इतका खुशीत होता, की आम्हाला वाटलं, चला, पोरगा सावरला!

आज त्याने स्वतः ओळखलं. साडेनऊला मोबाइल माझ्या हातात देऊन दिवा मालवला.

उद्या मावशीला फोन करणार आहे. तुम्ही काय सांगितलं असतं तिला?