सिलिंडरमध्ये हवा असताना वर का बोलावता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अंदमानात, स्वराजद्वीपला, डाइव्ह संपवून बोटीवर चढलं की कुणी ना कुणी विचारतंच, "सर, माझ्याकडे अजून शंभर बार, म्हणजे निम्मा सिलिंडर, हवा होती. मग इतक्यात वर का आणलंत?"

हवा किती उरली ते काटा दाखवतो. पण दाबाखाली श्वासातल्या हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो आणि भराभर वर आलं की त्याचे बुडबुडे होतात. तो किती मुरला हे दाखवणारा काटा नाही. मनगटावरचा कॉम्प्युटर खोली आणि वेळ धरून त्याचा अंदाज बांधतो. तीस मीटरवर दाब किनाऱ्यावरच्या चौपट, त्यामुळे तिथली मिनिटं महाग पडतात. आम्ही शिकलो त्या तक्त्यात 18 मीटरला जास्तीत जास्त 56 मिनिटं आहेत, 30 मीटरला फक्त 20. ती ओलांडली की नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून वर येताना सक्तीचे थांबे लागतात. तीस मीटरवरच्या त्या वीस मिनिटांत शांत श्वास घेणाऱ्याचा सिलिंडर बहुधा निम्म्याच्या आसपासच संपतो.

दाब किती वेगाने उतरवलेला शरीर सोसतं, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी शेळ्या दाबाच्या पोलादी कोठीत ठेवून तपासलं आणि 1908 साली मांडलं. दाब भराभर उतरवला की शेळी पुढचा पाय उचलून धरायची, टेकवायलाच तयार नसायची. सांध्यात दुखायचं तिच्या. दाब निम्मा होईपर्यंत शरीर बहुधा सोसतं, असं त्यांना दिसलं. आता बघा, तीसवरून वीस मीटरवर येताना दाब चारावरून तीनावर येतो. शेवटच्या दहा मीटरमध्ये मात्र तो थेट निम्मा होतो. नवखा माणूस उजेड दिसला म्हणून नेमका तिथेच घाई करतो. म्हणून पाच मीटरवर मी तुमचा हात दोरीवर ठेवतो आणि तीन मिनिटं सोडू देत नाही.

त्या शेळीचा पाय मला कळतो. काही वर्षांपूर्वी दिवसातल्या तिसऱ्या डाइव्हनंतर माझा डावा खांदा ठणकायला लागला. सिलिंडर उचलून आखडला असेल म्हणत मी संध्याकाळपर्यंत कुणाला बोललो नाही. जेवताना बोटांना मुंग्या आल्या तेव्हा कुठे ऑक्सिजनचा मास्क लावून घेतला. मग चेंबरमध्ये, म्हणजे तशाच दाबाच्या कोठीत, पुन्हा दाबाखाली काही तास. ते मधले तास मी फुकट घालवले, याचं अजून वाईट वाटतं.

तेव्हा वर आल्यावर सांधा दुखला, अंगाला खाज सुटली, विनाकारण गळून गेल्यासारखं झालं, तर लगेच सांगा, रात्री दोनलासुद्धा. आणि एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील तर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जायला हवेत. उद्या सकाळचं तिकीट असेल तर आज दुपारी मी तुम्हाला पाण्यात नेणार नाही.