तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यांसमोर घरातलं सांगावं लागतं का?

"मॅडम, तिथं सगळ्यांसमोर घरातलं सांगावं लागतं का?"

मनावरचा ताण हाताळायला शिकवणारा बायकांचा गट आम्ही चालवतो. त्या गटाचं नाव काढलं की लातूर जिल्ह्यातल्या औसा-निलंग्याकडच्या गावांत पहिला प्रश्न हाच. कधी आशाताईच्या तोंडून येतो, कधी फोनवर, कधी शेजारणीचं नाव पुढे करून. उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. पण त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, म्हणून जरा ऐसपैस सांगते.

मनाचा विषय म्हटला की एखादी रडणार, बाकीच्या माना हलवणार आणि डोळे पुसून सगळ्या घरी जाणार, असं चित्र लोकांच्या डोक्यात असतं. आमचा गट म्हणजे वर्ग आहे. सात-आठ बायका, आठवड्यातून एक दुपार, असे पाच आठवडे. मुलं घरी गेली की अंगणवाडीची खोली रिकामी होते, तिथं बसायचं. (गट म्हटल्यावर कर्जच मिळणार असं समजून काही जणी पहिल्या दिवशी आधारकार्ड घेऊन येतात. त्यांचा हिरमोड होतो, पण बहुतेक जणी बसून राहतात.) शिकायच्या गोष्टी चारच. जीव घाबरा झाला की शरीर शांत कसं करायचं, अडचणीला हात कुठून घालायचा, सुटून गेलेल्या गोष्टी पुन्हा कशा धरायच्या आणि मदत कुणाकडे, कशी मागायची. जागतिक आरोग्य संघटनेनं अशा पाच बैठकांच्या गटाची पुस्तिका २०२० मध्ये काढली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या माणसांना गट चालवता यावा म्हणून ती लिहिलेली आहे. आमचा साचा तोच, गोष्टी इथल्या. वेळापत्रकही इथलंच: आषाढी झाली की सुरू, पोळ्याच्या आत बंद. पुढे सोयाबीन काढणीला आलं की कुणाला बसायला सवड नसते, आणि ऊसतोडीला जाणारी घरं दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात.

मनाच्या दुखण्यासाठी वर्ग भरवायचा, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये पीटर लेविनसोन या मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात नैराश्याच्या उपचाराचा चक्क अभ्यासक्रम केला. वाचायला पुस्तक, घरी करायला गृहपाठ. येणारा माणूस रुग्ण नाही, विद्यार्थी. यातलं सगळ्यात शहाणपणाचं मला हेच वाटतं. विद्यार्थ्याला कुणी "तुला काय झालंय" विचारत नाही, "मागच्या वेळचं करून पाहिलंस का" एवढंच विचारतात.

आता गुप्ततेबद्दल. गटात पहिल्या दिवशी सगळ्या जणी कबूल करतात की इथलं इथंच राहील. पण दीड-दोन हजार वस्तीच्या गावात, जिथं निम्म्या बायका एकमेकींच्या जावा, नणंदा नाहीतर विहिणी असतात, तिथं त्या कबुलीवर सगळा भार टाकणं भाबडेपणाचं आहे. एक जण भरात बोलून गेली आणि रात्री भाकरी थापताना दुसरीच्या तोंडून ते निसटलं, तर भोगायचं पहिलीला. त्यामुळे घरातलं सांगण्याची गरजच पडू नये अशी गटाची मांडणी हवी, हे माझं ठाम मत.

त्यासाठी आमच्याकडे सुमन आहे. सुमन ही गोष्टीतली बाई, चित्रांच्या तक्त्यावरची. तिच्याकडे तीन एकर कोरडवाहू, सोयाबीनला भाव नाही, पोरगी लातूरला नीटच्या क्लासला आणि तिची फी थकलेली. सुमनला रात्री झोप नाही, डोकं गच्च होतं, भजनाला जाणं तिनं सोडलंय, पोरावर हात उचलते आणि मग स्वतःच रडते. पाचही आठवडे जे काही शिकायचं, ते आधी सुमनसाठी शिकायचं. तिनं काय करावं ते तुम्ही सांगा, म्हटलं की जी बाई आल्यापासून पदराशी चाळा करत बसलेली असते, तीही बोलायला लागते. एका गटात एकीनं तावातावानं सांगितलं, "तिनं सासूला एकदा तोंडावर सांगून टाकावं, रोजरोजचं ऐकून घेऊ नये." गोष्टीत सासू नाहीच. कुणी हसलं नाही, कुणी विचारलंही नाही. सुमनच्या सासूला काय, कधी आणि कोणत्या आवाजात सांगावं, यावर अर्धा तास रंगला. आपलं कुणाचं काहीही न सांगता.

मग येतात टोपल्या. सुमनच्या एकेका काळजीची एकेक चिठ्ठी, आणि तीन टोपल्या: काहीतरी करता येईल अशा काळज्या, आपल्या हातात नसलेल्या, आणि तूर्त सोडून दिल्या तरी चालतील अशा. पाऊस दुसरीत जातो, त्यावर वाद नाही. जावेनं लग्नात मान दिला नाही ही तिसरीत, थोड्या कुरकुरीनंतर. खरी झटापट होते ती सावकाराच्या व्याजावरून. बहुतेक जणी ते दुसऱ्या टोपलीत टाकतात, देवाच्या हवाली. मग मी विचारते, त्या सावकाराकडे परवाना आहे का? परवान्याशिवाय सावकारी करणं हा राज्याच्या २०१४च्या कायद्यानुसार गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते. तक्रार करावी की नाही हा निराळा प्रश्न. गावात राहायचं असतं, सावकार भावकीतला असतो. पण एक चिठ्ठी फाडून दोन होतात. व्याज दुसऱ्या टोपलीत राहतं, आणि 'कागद बघायचे, किती फिटलं ते लिहून काढायचं' ही चिठ्ठी पहिल्या टोपलीत येते. श्वासोच्छ्वास शिकून कर्ज फिटत नाही, हे मला कुणी सुनावण्याआधी मीच सांगून टाकते. कर्जाच्या धसक्यानं बाई कागदाकडे बघायचीच बंद झालेली असते, तिला पुन्हा बघता यावं एवढंच आमच्या हातात आहे.

श्वासाचं लोक म्हणतात, हा तर प्राणायामच. असू दे. पोट फुगवून सावकाश घ्यायचा, सावकाश सोडायचा. फक्त जीव शांत असताना रोज करायचा, म्हणजे घाबरा होईल तेव्हा आठवतो.

तिसऱ्या कौशल्याचं मात्र इथं जरा फेरफार करूनच शिकवावं लागतं. मन खचलं की माणूस अंथरुणाला खिळतो, म्हणून त्याला हळूहळू कामाला लावायचं, असं ते मुळात आहे. आमच्याकडे ते सांगितलं तर उत्तर ठरलेलं: "काम तर दिसभर करतावच की मॅडम!" खरंच आहे. पहाटेपासून खुरपणीपर्यंत आणि खुरपणीपासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत त्यांचं एकही काम थांबलेलं नसतं. थांबलेलं असतं ते भजन, बहिणीला फोन, नदीवर जाणं, केसांना तेल. त्यामुळे गृहपाठ त्यातला. आठवड्यात अशी एकच गोष्ट करायची, दिवस आणि वेळ ठरवून. हा गृहपाठ करून येणाऱ्या सगळ्यात कमी असतात, आणि जास्त लाजतातही त्यातच.

डॉक्टर असताना हे कशाला, असं शिकलेली मंडळी विचारतात. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. शेजारच्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या गावांत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी काम केलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांमध्ये मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. ते निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तो गटांचा प्रयोग नव्हता, पण गावातलं माणूस हे करू शकतं एवढं त्यातून दिसलं.

पण गट सगळ्यांसाठी नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, दारू सुटत नसेल, तर टोपल्या बाजूला ठेवायच्या आणि सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जायचं. आम्ही सोबत जातो. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि एखादी गटात स्वतःहून बोललीच, तर तिला कुणी थांबवत नाही. बाकीचं निवांत मागाहून बोलू, एवढंच म्हणते आणि मागाहून खरंच बोलते.

तुमच्यातल्या दोघी-तिघींनी पुढचंही विचारलंय: सासू-सून एका गटात चालतील का? नाही. आधी एकीचा गट, नंतर दुसरीचा. सासूबाईंना आधी घेतलं तर सुनेला पुढच्या वेळी घरून सुट्टी लवकर मिळते, असा अनुभव आहे, त्यामुळे नाव देताना आधी त्यांचं द्या.