सॉटूथ स्टार अपडेट: त्रिकोणांची टोकं आता जुळायला लागलीत

बेडकव्हरच्या पहिल्या ओळीचे सगळे स्टार जोडून झाले आणि एकही टोक शिलाईत गेलेलं नाही, त्यामुळे आज जरा सविस्तर लिहितेय. ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला क्विल्टचा एक चौकोन, आपला नेहमीचा सॉटूथ स्टार (करवतीच्या दातांसारख्या टोकांचा तारा), शिवून ८ इंचाचा. कापायच्या मापांत प्रत्येक कडेला पाव इंच शिलाई धरलेली आहे. मधला चौकोन साडेचारचा कापायचा, कोपऱ्यांचे चार अडीच-अडीचचे, आणि चार बाजूंना चार फ्लाइंग गीज, म्हणजे मधे एक मोठा त्रिकोण आणि दोन्ही बाजूंना एकेक छोटा असे आयत (एक असेल तर गूज). चौकोन सरळ धाग्यावर कापले की शांत बसतात, पण त्रिकोण आला की एक तरी कड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी, येणारच आणि उरेब कड नुसती उचलली तरी ताणते. म्हणून सगळा जीव त्या गीजमध्येच आहे.

माझं आता अगदी पक्कं मत झालंय की उरेब कड शिवण्याआधी मोकळी करायचीच नाही. आधी टीप मारा, मग कापा. साधे हाफ स्क्वेअर त्रिकोण (दोन त्रिकोणांचा मिळून एक चौकोन) असतील तर दोन चौकोन सुलट बाजू आत करून एकावर एक ठेवून कर्णाची रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवायचं आणि मग रेघेवरून कापायचं, दोन तुकडे तयार. चौकोन किती मोठा घ्यायचा, तर शिवून ३ इंच हवा असेल तर ३ इंच ७ सूत. हे ७ सूत, म्हणजे ७/८ इंच, कुठून येतं ते एकदा समजून घेतलं की आयुष्यभर लक्षात राहतं. दोन सरळ बाजूंना पाव-पाव इंच, आणि तिरक्या बाजूच्या पाव इंचासाठी पाव गुणिले १.४१४, म्हणजे साधारण ०.३५, सगळं मिळून ०.८५ होतं. ७/८ म्हणजे ०.८७५, म्हणजे त्यात केसभर जास्तीचं धरलेलंच आहे. मी तर सरळ ४ इंचाचा घेते आणि नंतर साडेतीनला ट्रिम करते, कापड थोडं जास्त जातं पण डोकं शांत राहतं.

चार बाजूंनी शिवून दोन्ही कर्णांवर कापायची जी झटपट पद्धत आहे ना, एका फटक्यात चार तुकडे, ती मला पटत नाही. त्यात प्रत्येक तुकड्याच्या बाहेरच्या चारही कडा उरेब होतात आणि ब्लॉक जोडताना रबरासारख्या वागतात. एकदम जास्त हवे असतील तर आठवाली पद्धत घ्या, ३ इंचासाठी पावणेआठचा चौकोन, दोन्ही कर्णांच्या दोन्ही बाजूंनी टिपा, आणि मग उभं-आडवं-तिरकं कापायचं. त्यात बाहेरच्या कडा सरळ धाग्यावरच राहतात.

गीजसाठी पण तेच तत्त्व. २ बाय ४ च्या चार गीजसाठी एक मोठा चौकोन सव्वापाच इंचाचा आणि चार छोटे २ इंच ७ सुतांचे. मोठ्यावर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन छोटे ठेवायचे, मधे ते एकमेकांवर थोडे चढतात ते बरोबरच आहे, कर्णाची रेघ, दोन्ही बाजूंना टीप, कापायचं, छोट्याच्या बाजूला इस्त्री, मग उरलेल्या कोपऱ्यात एकेक छोटा ठेवून पुन्हा तसंच. बघा किती सुंदर आहे, काही वाया जात नाही आणि गूजची लांब बाजू आपोआप सरळ धाग्यावर येते. मी यातही मोठा साडेपाचचा आणि छोटे ३ इंचाचे घेते.

ट्रिम करताना मापाला अडीच बाय साडेचार हवा एवढंच बघून भागत नाही, टोक कुठे आहे ते बघायचं. टोक वरच्या कडेपासून बरोबर पाव इंच खाली आणि डावी-उजवीकडून सव्वादोनवर. पट्टीची ४५ अंशाची रेघ शिलाईवर बसवली की हे आपसूक जमतं. टोकाच्या वरचं हे पाव इंच गेलं की स्टारचं टोक बोथट झालंच समजा.

मशीनबद्दल. माझी काळी पायमशीन फक्त सरळ टीप मारते, आणि या कामाला तीच सरस आहे असं मी छातीठोक सांगेन, कारण तिच्या प्लेटला सुईपुरतं गोल भोक असतं, झिगझॅगवाल्या मशीनसारखी रुंद फट नाही, त्यामुळे त्रिकोणाचा निमुळता कोपरा खाली ओढला जात नाही. रुंद फटीच्या मशीनवर आधी एका चिंधीवरून सुरुवात करायची आणि दोरा न तोडता त्यामागे त्रिकोण सरकवायचा. पाव इंच म्हणजे पाव इंचाला एक-दोन धागे कमी, कारण शिलाई उलटवताना घडीच तेवढं कापड खाते. तपासायचं कसं, तर दीड इंचाच्या तीन पट्ट्या जोडायच्या, इस्त्रीनंतर मधली बरोबर १ इंच दिसली पाहिजे आणि एकूण साडेतीन. एवढं काय त्यात असं वाटतं, पण प्रत्येक शिलाईने अर्धा सूत खाल्लं तर दहा स्टारच्या ओळीत पावणेदोन इंचांच्या वर गायब होतं!

कापड मी रविवार पेठेतून कॅम्ब्रिक आणलंय आणि सोबत आईच्या जुन्या सुती साड्या आहेत. साडीचं कापड धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं असतं की उरेब दिशेला लोंबतंच, म्हणून कापायच्या आधी साबुदाण्याची पातळ खळ, सावलीत वाळवायचं आणि किंचित दमट असताना इस्त्री. खळ केलेलं कापड कागदासारखं कापलं जातं. फक्त क्विल्ट पूर्ण झाली की धुवायचीच, खळ तशीच राहिली तर कसर लागते. आणि इस्त्री फिरवायची नाही, उचलून ठेवायची, वाफ अजिबात नको जोवर उरेब कड शिवलेली नाही.

जोडताना गूजची उलटी बाजू वर ठेवते, म्हणजे दोन शिलाया एकमेकींना छेदतात ती फुली दिसते, आणि टीप त्या फुलीच्या अगदी एक धागा वरून, कडेच्या बाजूने जाऊ देते. वरच्या-खालच्या ओळीतल्या शिलाया कोपऱ्यांच्या चौकोनांकडे दाबते आणि मधल्या ओळीतल्या मधल्या चौकोनाकडे, मग ओळी जोडताना शिलाया एकमेकींत अडकून बसतात आणि बोटांनाच कळतं की जुळलं.

पुढची ओळ निळ्या अजरखची आहे. ते कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवून घेतेय, कारण पांढऱ्या पार्श्वभूमीवर नीळ उतरली तर टोकं कितीही नेमकी असली तरी काही उपयोग नाही. मग खळ, आणि पहिला साडेपाचचा चौकोन त्यातूनच कापणार.