बांगड्याची ६५८ अक्षरं

गोव्यातल्या मालीम जेटीवर उतरलेला अख्खा बांगडा ओळखायला संगणक लागत नाही. पण कातडी काढून बर्फात ठेवलेला तुकडा नजरेला दाद देत नाही, तिथे डीएनए बारकोड कामी येतो. माशांसाठी तो म्हणजे मायटोकाँड्रियातल्या सीओआय जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा भाग. अक्षरं चारच: ए, सी, जी, टी.

ही अक्षरं साठवायच्या फास्टा फाइलमध्ये > ने सुरू होणारी नावाची ओळ आणि खाली अक्षरं, इतकंच. नावात स्पेस मात्र टाकू नका. बरीच टूल्स पहिल्या स्पेसपर्यंतचाच भाग ओळख म्हणून घेतात, मग 'बांगडा मालीम १' आणि 'बांगडा मालीम २' दोन्ही नुसते 'बांगडा' होतात.

मासा ओळखायला शिकणाऱ्या मशीन लर्निंग मॉडेलला हे द्यायचं तर आकडे हवेत. ए=१, सी=२, जी=३, टी=४ हे सगळ्यांनाच आधी सुचतं, आणि फसतंही तेच. या हिशेबात ए ला सी जवळचा आणि जी लांबचा. प्रत्यक्षात उत्क्रांतीत ए-जी ही अदलाबदल ए-सी पेक्षा सहसा जास्त होते. नसलेला क्रम आपणच मॉडेलच्या गळ्यात मारतो. म्हणून वन-हॉट, म्हणजे प्रत्येक अक्षराला चार रकाने आणि त्यातल्या एकातच १: ए म्हणजे १०००, सी ०१००, जी ००१०, टी ०००१. रकाने २६३२ होतात, होऊ देत. चौघांतलं अंतर तरी सारखं राहतं.

डीएनए वाचणाऱ्या मशीनला अक्षर नीट वाचता आलं नाही की तिथे एन पडतो. वन-हॉटमध्ये त्याच्या चारही रकान्यांत ०.२५ भरता येतं. आर, म्हणजे ए किंवा जी, असेल तर त्या दोघांत ०.५. जागा वाचवायला प्रत्येक अक्षर दोन बिटांत बांधलं तर अख्खा बारकोड १६५ बाइटांत मावतो, पण ००, ०१, १०, ११ संपल्यावर एनला जागाच उरत नाही. एन कुठे कुठे होते याची वेगळी यादी ठेवली नाही, तर कोडनुसार ते गुपचूप ए होऊन बसू शकतात.

के-मर, म्हणजे एकेक अक्षर सरकत घेतलेले ठरावीक लांबीचे तुकडे, करताना लांबी विषम घ्या. २१ घेतली तर ६५८ मधून ६३८ तुकडे निघतात. सम लांबीत एएटीटी सारखा तुकडा डीएनएच्या समोरच्या धाग्यावरही तसाच वाचला जातो आणि मोजणी गोंधळते.

प्रथिनात भाषांतर करून तपासताना जनुकीय संकेतांचा तक्ता २ लावा, कशेरुकी प्राण्यांच्या मायटोकाँड्रियाचा. त्यात टीजीए ही तीन अक्षरं म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. नेहमीच्या तक्ता १ मध्ये तोच स्टॉप, म्हणजे प्रथिन इथे संपलं अशी खूण. मधेच स्टॉप दिसला म्हणून नमुना खराब ठरवण्याआधी तक्ता कुठला निवडलाय ते बघा.