बाटलीची रेघ

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं जुनं चौसोपी घर. राजांगणाकडच्या, म्हणजे आतल्या चौकाकडच्या खोलीची चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत दर पावसाळ्यानंतर खार टाकते, पोपडे सुटतात. आधीच्या गवंड्यांनी प्रत्येक वेळी वरून वॉटरप्रूफ रंग चोपडला होता. दुखणं चिऱ्यात आणि मलम रंगावर!

थापीच्या दांड्याने ठोकत गेलो. वरचा चुन्याचा गिलावा टणक वाजला, कमरेखाली मात्र पोकळ. छिन्नी लावताच सिमेंटची अख्खी खपली सुटली आणि मागून चिऱ्याचा ओंजळभर भुगा. चिरा जमिनीतली ओल ओढतोच. चुन्यातून ती बाहेर पडून सुकते. सिमेंट तिला कोंडतं, मग ती वर चढते आणि आतला खार चिराच कुरतडतो.

जमिनीलगतच्या सांध्यात गोलाई दिली होती. सोड्याची बाटली फिरवून केलेली, कारण बाटलीच्या जोडाची बारीक रेघ सिमेंटात उमटलेली होती. मी ज्या कंत्राटदाराकडे माल कालवायला होतो, त्याचीच ही खोड. ती बाटली धरायचं काम माझं असायचं. मागे जाऊन पाहिलं. माड तोडलाय, विहीर तीच. तेव्हा आम्ही मागच्याच दाराने यायचो, म्हणून पुढून घर ओळखलं नव्हतं.

"मेस्त, कुणी हो हे करून ठेवलं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"तेव्हा सगळेच सिमेंट मारायचे," मी म्हणालो. त्यांनी 'कुणी' विचारलं होतं, मी 'कधी' सांगितलं.

त्यांना शिगम्याआधी खोली हवी होती. मी दोन महिने मागितले. भिंत उघडी सुकवायची. खार कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला तर परत आतच जातो, हे शिकलेल्या इंजिनियरांनाही सांगावं लागतं. मग मुरवलेला चुना, एकाला तीन वाळू, थर बोटापेक्षा जाड नाही. चुना हवेतला वायू घेऊन हळूहळू घट्ट होतो, झटपट सुकला की तडकतो, म्हणून वर ओलं गोणपाट. एका रविवारी पोरगा ते भिजवायला विसरला. थर उतरवून पुन्हा केला.

बिलात कमरेखालच्या पट्ट्याची मजुरी धरली नाही. बाईंनी कागद दोनदा वाचला. "काहीतरी लिहायचं राहिलंय तुमचं."

"नाही, बरोबर आहे," म्हणालो आणि थाप्या धुवायला विहिरीवर गेलो.