बग्गीचा क्लच: प्लेट बदलण्याआधी तेलाचा माग

मागच्या नोंदीनंतर बऱ्याच जणांनी विचारलं की बग्गी का उभी आहे. क्लच, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सला जोडणारा-सोडणारा भाग. चढ आला की तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतं, रेस वाढते आणि गाडी मात्र त्याच चालीने रांगते. विहिरीकडून शेडकडे येणारा चढ तसा काही फार नाही, रिकामा ट्रॅक्टर टॉपमध्ये चढतो. बग्गीला तिथे पहिला टाकावा लागत होता.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: १९६८ च्या फोक्सवॅगन बीटलच्या चासीवर बसवलेली फायबरची बॉडी. १५०० सीसीचं एअरकूल्ड इंजिन, १२ व्होल्ट, मागे स्विंग ॲक्सल. घडण मेयर्स मँक्स या वाळूत पळवायच्या बग्गीची. ब्रूस मेयर्सने कॅलिफोर्नियात पहिली मँक्स १९६४ मध्ये केली आणि १९६७ मध्ये एका मँक्सने बाहा वाळवंटातली मेक्सिकन १००० शर्यत मारली. आमची नाशिकजवळच्या गिरणारे गावातल्या द्राक्षबागेच्या बांधापलीकडे जात नाही, कारण आरसीवरच्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही. बागेतल्या रस्त्यांवर तिला कुणी अडवत नाही, आणि पावसाळ्यात तिथल्या काळ्या मातीत क्लचची जी परीक्षा होते ती बाहाला लाजवेल अशी आहे.

आता मुद्द्याचं. क्लच घसरला की जो तो ‘प्लेट संपली’ म्हणून मोकळा होतो. प्लेट शेवटी बदलावी लागतेच, पण ती का घसरली हे न शोधता नवी टाकली तर तीही त्याच वाटेने जाणार. म्हणून इंजिन उतरवायच्या आधी केबल बघितली. बीटलमध्ये गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूला क्लचचा लिव्हर आहे, त्यावर केबलचं टोक आणि विंग नट. पेडलला वर १० ते २० मिमी मोकळी चाल हवी. ती नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) कायम प्रेशर प्लेटला (क्लचची प्लेट इंजिनच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे टोकाच्या जड चाकावर, दाबून धरणाऱ्या भागाला) टेकून राहतं, म्हणजे तुम्ही पाय न ठेवताही क्लच अर्धवट दाबलेलाच. माझी चाल १५ च्या आसपास भरली. केबलच्या बाहेरच्या बाउडन ट्यूबला २० ते ४५ मिमी झोल लागतो, तोही होता. केबल निर्दोष सुटली.

मग हँडब्रेक ओढून, तिसरा टाकून, थोडी रेस देऊन क्लच सोडला. धड क्लच असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडतं. माझं आरामात फिरत राहिलं. ही परीक्षा एकदाच आणि क्षणभरच घ्या, प्लेटवरची उरलीसुरली लायनिंग, म्हणजे घर्षणाचा थर, जळते.

इंजिन उतरवणं हा या गाडीचा खरा आनंद आहे. रेडिएटर नाही, पाणी नाही, बग्गीला मागे पत्राही नाही. बॅटरी सोडायची, पेट्रोलची नळी बंद करायची, ॲक्सिलरेटरची केबल, डायनॅमो आणि कॉइलच्या वायरी काढायच्या, मग खाली दोन नट आणि वर दोन बोल्ट, सगळे १७ च्या पान्याचे. वरचा उजवा बोल्ट फॅनच्या डब्यामागे लपलेला, तिथे दोन माणसं लागतात. इंजिन ११० किलोच्या आसपास, खाली ट्रॉली जॅक. मागे ओढताना ते सरळ रेषेतच यायला हवं. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट सुटायच्या आत इंजिन खाली झुकलं तर सगळा भार त्या शाफ्टवर आणि प्लेटच्या हबवर येतो. बसवताना तर हे दुप्पट सांभाळायचं, कारण नवी प्लेट वाकली तरी वरून कळत नाही.

मदतीला शेजारचे अण्णा होते. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झालेले, हातात कायम कापसाचा बोळा. इंजिन बाहेर आलं, प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट काढले आणि प्लेट हातात आली: आमसुलासारखी काळी आणि चिकट. लायनिंग रिव्हेटच्या वर अजून चांगली शिल्लक होती. मी पुसायला फडकं घेतलं तर अण्णा म्हणाले, “अरे, पुसू नको. आधी वास घे.”

बीटलच्या बेलहाउसिंगमध्ये, म्हणजे क्लच बसतो त्या पोकळीत, तेल दोन वाटांनी येऊ शकतं. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलं तर गिअर ऑइल येतं, त्याला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील, म्हणजे फ्लायव्हीलच्या आतलं, गेलं तर इंजिन ऑइल. ते काळं, आणि वास जळकट पण गंधकाचा नाही. आमचं दुसरं निघालं. फ्लायव्हीलच्या मागे इंजिनच्या केसवर तेलाचा ओघळ सीलच्या बरोबर खालून सुरू झालेला दिसत होता. म्हणजे प्लेट संपली नव्हती, तेलात बुडाली होती.

सील बदलायचं तर फ्लायव्हील काढावं लागतं. ते एकाच मोठ्या नटवर बसलेलं असतं, ग्लँड नट म्हणतात, ३६ चा सॉकेट. घट्ट करायचं माप ३५ किलोग्रॅम-मीटर. आमच्याकडे एवढा मोठा टॉर्क रेंच (मोजून नट आवळायचा पाना) नाही, पण हिशेब सोपा आहे: माझं वजन ७० किलो, म्हणून पाईपवर नटापासून अर्ध्या मीटरवर पूर्ण भार दिला की झालं. फ्लायव्हील फिरू नये म्हणून लोखंडी पट्टी बोल्टला अडकवून ठेवली.

पण सील काढायच्या आधी अण्णांनी डायल गेज (बारीक हालचाल मोजणारा काटा) लावायला लावला. तेही बरोबरच. क्रँकला पुढेमागे थोडी चाल असते, ती ०.०७ ते ०.१३ मिमी असावी, ०.१५ च्या वर गेली तर शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलायचे. माझी ०.१८ आली. म्हणजे प्रत्येक वेळी क्लच दाबला की क्रँक जास्त सरकत होता आणि सीलच्या ओठावर फ्लायव्हीलचा गळा घासत होता. ही चाल इंजिन गाडीत असतानाही बघता येते: एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने मागे पुलीकडे बघायचं. पुली डोळ्याला जाणवेल इतकी हलली तर पुढची चौकशी करा.

फ्लायव्हीलच्या मागे तीन शिम असतात. माझ्यातला एक ०.२४ चा होता, त्याच्या जागी ०.३२ चा टाकला. ०.१८ मधून ०.०८ गेले, उरले ०.१०. डायल गेजने पुन्हा मोजून खात्री केली आणि मगच नवं सील आणि नवी ओ-रिंग बसवली. सील सगळीकडून सारखं आत जायला हवं. मी लाकडाचा सपाट ठोकळा ठेवून कडेकडेने हलके ठोके दिले. ग्लँड नटच्या आत एक छोटं नीडल बेअरिंग असतं, त्यात इनपुट शाफ्टचं टोक फिरतं. चिमूटभर ग्रीस पुरे. जास्त घातलं तर तेच उडून प्लेटवर येतं, मग तेलाने काय आणि ग्रीसने काय.

आता प्लेटवरून झालेला वाद. नाशिकच्या द्वारका भागात जुन्या प्लेटला नवी लायनिंग रिव्हेट करून देणारे आहेत आणि काम चांगलं करतात. अण्णांचं म्हणणं, ट्रॅक्टरच्या प्लेटी अशाच वर्षानुवर्षं चालतात, पैसे कशाला घालवतोस. ट्रॅक्टरसाठी मला मान्य. पण माझ्या प्लेटच्या हबमधल्या स्प्रिंगा सैल झाल्या होत्या, हाताने हलवल्या की खुळखुळायच्या. नुसती लायनिंग नवी करून स्प्रिंगा तशाच ठेवायच्या, हे मला पटलं नाही. २०० मिमीची नवी प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असं पूर्ण किट मागवलं.

किट मागवताना एक गोष्ट नक्की विचारा: १९७१ च्या आधीच्या गिअरबॉक्सचं की नंतरचं? जुन्यात रिलीज बेअरिंग फोर्कवर दोन क्लिपांनी अडकतं आणि प्रेशर प्लेटच्या मध्यभागी गोल रिंग असते. १९७१ पासून गिअरबॉक्सवर बेअरिंगसाठी नळी आली आणि ती रिंग गेली. दोन्ही प्रेशर प्लेटी फ्लायव्हीलवर सारख्याच बसतात, म्हणून गोंधळ होतो. मला पहिल्यांदा नवीन पद्धतीचं किट आलं, ते परत करून जुनं मिळवण्यात बराच वेळ गेला. सुदैव इतकंच की बीटल मेक्सिकोत २००३ पर्यंत बनत होती, त्यामुळे सुटे भाग अजून निघतात.

बसवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फ्लायव्हीलचा प्लेटकडचा पृष्ठभाग पेट्रोलने धुतला, एमरीने हलका घासला, निळे डाग नव्हते म्हणून लेथवर न्यायची गरज पडली नाही. प्लेट मध्यभागी धरायला लाकडाचा दांडा कातून घेतला. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडेथोडे, शेवटी २५ न्यूटन-मीटर. इंजिन जॅकवर सरकवताना शाफ्ट प्लेटच्या स्प्लाइनमध्ये (दातेरी भोकात) जाईना, तेव्हा अण्णांनी गाडी टॉपमध्ये टाकून मागचं चाक किंचित फिरवलं आणि ते आपोआप आत गेलं.

केबलची चाल पुन्हा लावली. तिसऱ्या गिअरची परीक्षा पुन्हा घेतली, इंजिन लगेच बंद पडलं. विहिरीचा चढ आता तिसऱ्यात होतो, मागे द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटची थप्पी असली तरी. सध्या लायनिंग बसेपर्यंत क्लच जोरात सोडत नाही, आणि थोडी चालवून झाली की केबल एकदा पुन्हा बघणार, कारण नवी प्लेट बसताना चाल बदलते.

पुढचं काम गिअर लिव्हरचं. दुसरा गिअर शोधावा लागतो, मधल्या टनेलमध्ये लिव्हरचा दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या कपलिंगचं बुश गेलंय असा अंदाज आहे. कुणी पॉलियुरेथेनचं वापरलं असेल तर सांगा, आवाज वाढतो का? रबराचं मूळ बुश आणि ते, दोन्ही समोर आहेत, आणि अण्णा अर्थातच म्हणतायत की जुन्या टायरमधून कापून देतो.